परबबाई आणि सुरक्षित स्थळ

थेंबूवर परबबाईंचा पहिल्या दिवसापासून राग होता.

थेंबू म्हणजे आमच्या संस्थेचं बोधचिन्ह. पाण्याचा निळा थेंब, त्याला दोन हात, दोन पाय, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि तोंडभर हसू. मुलुंडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पूर, दरड, आग असल्या संकटांच्या सूचना उपनगरातल्या वस्त्यांपर्यंत पोचवायच्या, हे संस्थेचं काम. निदान आमच्या माहितीपत्रकावर तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आम्ही माहितीपत्रकंच पोचवायचो. मी मजकूर टाइप करायची, पत्रकं जुळवायची आणि वस्तीत गेलं की फोटो काढायची. फोटोत गर्दी दिसली पाहिजे, एवढंच मला सांगितलेलं होतं.

परबबाई निवृत्त शिक्षिका. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याला एक शाळा आहे, तिथे त्यांनी आयुष्यभर मराठी आणि हिंदी शिकवलं. आमचे डायरेक्टर देसाईसर यांनी त्यांना ‘भाषा सल्लागार’ म्हणून आणलं. बाई ऱ्हस्व-दीर्घ तपासतील, चहा पितील आणि घरी जातील, असा त्यांचा अंदाज असावा.

“हा कोण?” बाईंनी आल्या आल्या भिंतीकडे बोट केलं.

“थेंबू! आपला मॅस्कॉट,” सर कौतुकानं म्हणाले.

“हसतो कशाला?”

“फ्रेंडली वाटावा म्हणून.”

“ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलंय त्याच्या दारात हा दात काढत उभा राहणार? लोक आधी ह्या मेल्याच्याच थोबाडीत देतील.”

सर हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत. बाई विनोदी नव्हत्या. त्यांना मनापासून वाईट बोलता यायचं आणि त्या ते लपवत नसत.

दिसायला लहानखुऱ्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात रबरी सँडल, खांद्याला एक भली मोठी पिशवी. आवाज मात्र शाळेच्या मैदानातून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेल असा. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. बाईंचा जन्म मुंबईतला, त्यामुळे बोलणं शुद्ध, ठसठशीत. पण डोकं तापलं की मालवणी बाहेर यायची. ऑफिसात ती रोज यायची.

त्यांना एक खोड होती. कुठलाही मजकूर दिसला की तो मोठ्यानं वाचायचा. दुकानाची पाटी असो, औषधाच्या खोक्यातला कागद असो, लिफ्टमधली सूचना असो. वाचून झालं की विचारायचं, “हे कोणासाठी लिहिलंय?” आमच्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी संस्थेचं सर्वात गाजलेलं पत्रक हातात घेतलं आणि उभं राहून वाचलं : “संभाव्य दरडप्रवण क्षेत्रातील रहिवाशांनी अतिवृष्टीच्या कालावधीत सतर्क राहून सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.”

मग चष्मा काढला. “देसाई, तुमची आई कुठे असते?”

“दादरला. का?”

“तिला फोन लावा आणि हे सांगा. असंच. एक शब्द न बदलता.”

सरांनी अर्थातच फोन लावला नाही. बाई थांबल्या नाहीत. “स्थलांतर पक्षी करतात. माणसं उठून जातात. आणि हे सुरक्षित स्थळ कुठे आहे? पत्ता नाही दिलात?”

“ते बाई, प्रत्येक वस्तीप्रमाणे वेगळं असणार ना. हे जनरल आहे.”

“म्हणजे तुमका म्हायत नाय.” बाई खाली बसल्या. “ऊठ म्हणायचं आणि खंय जावचा ता सांगायचं नाय. ह्याला सूचना म्हणत नाहीत. हाकलणं म्हणतात.”

त्या दिवसापासून ऑफिसात बाईंवरून दोन पक्ष झाले. एक त्यांना वैतागणारा, दुसरा त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करणारा. मी दोन्हींत होते.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर आम्ही थेंबूचं मोठं पोस्टर लावलं त्या दिवशी बाई सोबत होत्या. झाडं पडणं, ओढ्याचं पाणी चढणं, विजेच्या तारा, अशी सगळी माहिती पोस्टरवर होती, आणि वर मध्यभागी थेंबू, हात पसरून. पाड्यावरच्या बायका जमल्या. सर अंधेरीहून एका कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन आले होते. लोक किती मन लावून बघतायत, हे ते पाहुण्यांना इंग्रजीत समजावत होते. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, पोस्टरवर हात फिरवला आणि विचारलं, “नळ कधी येनार?”

“नळ?”

“पान्याचा. ह्यो हाय ना इथं.” तिनं थेंबूच्या पोटावर बोट ठेवलं. मागच्या बायका माना हलवत होत्या, त्यांना पण तोच प्रश्न होता. पाण्याची योजना आली असं सगळ्या पाड्यात पसरलं होतं. दोघी तर हंडे घेऊन आल्या होत्या.

सर खजील झाले असतील असं तुम्हाला वाटेल. ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “सी? एंगेजमेंट.” बाईंनी म्हातारीला एका झाडाखाली बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. म्हातारी रागावली. इतक्या लांब येऊन नळ न देता पाण्याचं चित्र लावणारी माणसं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. परत येताना बसमध्ये बाई एवढंच म्हणाल्या, “तिला आपण मूर्ख वाटलो. आहोतच.”

बाईंचा तिरस्कार तसा निःपक्षपाती होता. गरीब म्हणून कोणाला सूट नव्हती. “गरीब असला म्हणून शहाणा असतोच असं नाही. मी त्यांची पोरं शिकवली आहेत, मला नका सांगू,” असं त्या म्हणायच्या. घाटकोपरच्या टेकडीवर गेल्या की दारात कचरा टाकणाऱ्याला झापायच्या, बायकोला मारणाऱ्याला नावानिशी झापायच्या. ही टेकडी म्हणजे वरपर्यंत चढत गेलेल्या गल्ल्या. कोकणातले, सातारा-सोलापूरकडचे, उत्तर प्रदेशातले, तामिळनाडूतले, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. पन्नाशीच्या आतलं निम्मं टेकाड बाईंच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे वर चढताना जागोजागी कोणीतरी विडी लपवायचं.

आमच्या संस्थेनं टेकडीसाठी पत्रकाची भाषांतरं केली होती. म्हणजे कंप्युटरनं केली होती. तमिळ मजकूर घेऊन बाई इडलीचा धंदा करणाऱ्या सेल्वीकडे गेल्या. तिनं वाचलं, नवऱ्याला बोलावून वाचून दाखवलं, आणि दोघं हसत सुटली. सेल्वी म्हणाली, “बाई, इधर लिखा है पहाड़ आपके घर आने वाला है, स्वागत के लिए तैयार रहो.” ते पत्रक आधीच छापून झालं होतं. सरांनी ते वाटलंसुद्धा. गठ्ठे पडून राहिले तर रिपोर्टमध्ये बरं दिसत नाही.

आता बाईंनी ठरवलं, ही कामं आपणच करायची. शाळेच्या ओट्यावर बायकांची बैठक बोलावली. मराठी, हिंदी, हातवारे, सगळं वापरून त्यांनी तासभर समजावलं. घराच्या मागच्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपायला लागलं, दार अचानक घट्ट बसायला लागलं, की थांबायचं नाही. आणि शेवटी बजावलं, “भोंगा वाजला की जसं असाल तसं बाहेर पडायचं!”

बाईंच्या डोक्यात गिरणीचा भोंगा होता. तो वाजला की वडील डबा घेऊन निघायचे.

पुढच्या रांगेत गुलशन बसली होती. साड्यांना फॉल-बिडिंग करायची, सातवीपर्यंत बाईंच्याच वर्गात होती. तिनं हात वर केला. “बाई, कौनसा भोंगा? मस्जिद का तो दिन में पाँच बार बजता है. मंडळाचा पण आहे, तो तर थांबतच नाही. हर बार निकलेंगे तो खाना कब पकाएँगे?”

सगळा ओटा हसला. बाईंचं तोंड लाल झालेलं मी पाहिलं. मला वाटलं आता गुलशनची खैर नाही. पण बाई म्हणाल्या, “मग काय वाजवायचं? तूच सांग, शहाणे.”

गुलशन म्हणाली, “छुट्टी की घंटी.”

शाळेत अजून लोखंडी तुकड्याचीच घंटा होती. तास संपला की एक टोला. शाळा सुटली की न थांबता घणघण. ती लांब घंटा झाली की पोरं पळत बाहेर येतात, हे टेकडीवर प्रत्येकाला ठाऊक होतं, मग त्याची भाषा कुठलीही असो. गुलशनच्या दारात तसाच एक लोखंडी तुकडा टांगला गेला. बाईंनी कौतुक केलं नाही. “इतकं डोकं होतं तर शाळा कशाला सोडलीस?” म्हणाल्या. गुलशन म्हणाली, “मैंने कहाँ छोड़ी, अब्बा ने छुड़वाई.”

टेकडीखालची शाळा हेच जाण्याचं ठिकाण, असं ठरलं. पण सुट्टीच्या दिवशी शाळेला कुलूप. किल्ली मिळावी म्हणून बाई शाळेच्या ऑफिसात किती खेपा घालत होत्या ते मी पाहिलं आहे. “वरून परवानगी आली की देऊ,” असं उत्तर मिळायचं. सरांना मध्ये पडायला सांगितलं तर ते म्हणाले, “बाई, आपलं काम कम्युनिकेशनचं. किल्ली आपल्या स्कोपमध्ये येत नाही.” बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली घातली.

ऑफिसात मग अहवाल लिहिला गेला. टेकडीवरचे लोक इशारा देऊनही घरं का सोडत नाहीत, याचं कारण सरांनी लिहिलं : जागरूकतेचा अभाव. बाईंनी ते माझ्या स्क्रीनवर वाचलं. “नाल्यापलीकडचे लोक मागे एका पावसात घरं सोडून गेले. परत आले तेव्हा घरं पाडलेली होती. हे सगळ्या टेकडीला माहीत आहे. ते जागरूक आहेत म्हणूनच बसून राहतात.” सर म्हणाले, ही बाब संवेदनशील आहे. अहवालात अभावच राहिला.

तो जुलैचा रविवार होता. पाऊस काही दिवस कोसळतच होता. सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर रेड अलर्ट आला. आमच्या संस्थेनंही थेंबूच्या चित्रासह संदेश पाठवला, सतर्क राहा म्हणून. सर अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात परिषदेला होते. विषय होता, शेवटच्या माणसापर्यंत कसं पोचावं. मी फोन केला तर म्हणाले, “मेसेज गेला ना? मग झालं.”

दुपारी बाईंचा फोन आला. “गुलशनच्या मागच्या भिंतीतून लाल पाणी येतंय. ये.”

मी टेकडीवर पोचले तेव्हा घंटा वाजत होती. पावसाच्या आवाजातून ती एकसारखी घणघण. गल्ल्यांतून माणसं उतरत होती. पोरं कडेवर, कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दातांत, एक म्हातारा खुर्चीसकट उचललेला. सेल्वी आपल्या गल्लीत तमिळमधून ओरडत दारं ठोठावत होती. बाई साडी खोचून मधल्या पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि मागे वळणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन शिव्या घालत होत्या. टीव्हीसाठी परत निघालेल्या एका बाप्याला तर त्यांनी शर्टाला धरून खाली ढकललं.

घंटा थांबली. आम्ही वर गुलशनच्या गल्लीत गेलो. गल्ली रिकामी झाली होती. गुलशन हातोडा धरून स्वतःच्या दारात उभी होती, आणि तिची दोन मुलं तिच्या मागे.

“चल,” बाई म्हणाल्या.

“मी नाही येत, बाई. पोरांना न्या.”

“वेड लागलंय काय तुका?”

“तोड़ देंगे. घर सोडलं की तोडतात. तुम्ही सांगा, नाही तोडणार. बोला ना. मैं अभी आती हूँ.”

एवढंच तिला हवं होतं. देसाईसरांनी ते लगेच दिलं असतं, कागदावर, थेंबूच्या सहीशिक्क्यानं. मीसुद्धा दिलं असतं. मी बाईंकडे बघत होते, हो म्हणा, हो म्हणा ना. मागच्या भिंतीतून पाणी आता घरात येत होतं, चहासारखं.

बाई म्हणाल्या, “माहीत नाही गं. तोडतील कदाचित. मी खोटं सांगणार नाही.”

गुलशन रडायला लागली.

“जगलीस तर मला शिव्या द्यायला येशील. ये. मी ऐकून घेईन. पण इथे मरायचं नाही. माझ्या वर्गातली आहेस तू.”

गुलशननं हातोडा टाकला. शिलाई मशीनकडे एकदा पाहिलं आणि मुलांचे हात धरले.

शाळेला कुलूप होतंच. सगळी टेकडी फाटकाबाहेर पावसात उभी. बाईंनी रस्त्याच्या कडेचा पेव्हर ब्लॉक उचलला आणि कुलपावर घातला. ज्या शाळेत त्यांनी पोरांना बाकावर रेघ मारली म्हणून उभं केलं होतं, तिचं कुलूप त्या फोडत होत्या. ते फुटेना. मग एका टेम्पोवाल्यानं लोखंडी रॉड आणला आणि फाटक उघडलं.

शेवटची माणसं आत येत होती तेव्हा वरून आवाज आला. डंपरमधून खडी ओतावी तसा, पण संपेचना. गुलशनची गल्ली आणि तिच्या वरची गल्ली खाली आली. मग लोक एकमेकांची पोरं मोजू लागले. सगळी होती.

दुसऱ्या दिवशी सर आले. सोबत कॅमेरावाला आणि थेंबूचा भला मोठा बॅनर. शाळेच्या व्हरांड्यात तो लावून त्यापुढे लोकांना उभं करायचं होतं. बाई रात्रभर जाग्या होत्या. त्यांनी बॅनर हातात घेऊन चाचपला. “जाड आहे चांगला,” म्हणाल्या, आणि तो उलटा करून फरशीवर अंथरला. “पोरांना झोपवा ह्याच्यावर. लादी गार आहे.” सर काही बोलण्याआधी त्यावर तीन पोरं आडवी झाली होती.

पुढे व्हायचं ते झालं. टेकडीला पत्र्याचं कुंपण पडलं. धोकादायक म्हणून उभी असलेली घरंही पाडली गेली. लोकांना लांबच्या खोल्यांमध्ये पाठवलं, तेही ज्यांचे कागद वाचले त्यांनाच. गुलशनचे कागद मशीनसोबत मातीत होते. आमच्या संस्थेच्या अहवालात मात्र एका ओळीचं यश होतं : प्रभावी संदेशामुळे जीवितहानी शून्य. त्यावर सरांना पुरस्कार मिळाला. बाईंनी स्टेजवर यावं म्हणून त्यांनी फोन केला, तेव्हा बाई जे मालवणीत बोलल्या ते लिहिता येणार नाही. त्यांचं कंत्राट संपलं ते संपलंच.

मुलुंडला बाईंच्या सोसायटीत मी एकदा त्यांना भेटायला गेले होते तेव्हा गुलशन आली. वर आली नाही. खाली कंपाउंडमध्ये उभी राहून ओरडली. “घर भी गया, काम भी गया! ज़िंदा रखके क्या मिला तुमको? क्या खाऊँ मैं, बोलो!” गॅलऱ्यांतून लोक डोकावले. वॉचमन तिला बाहेर काढायला धावला. बाई जिना उतरून खाली गेल्या, वॉचमनला हातानं बाजूला केलं आणि गुलशनसमोर उभ्या राहिल्या. त्यांना कोणाचं इतका वेळ ऐकून घेताना मी आधी पाहिलं नव्हतं. शेवटी गुलशन थकली.

“चहा घेतेस?” बाईंनी विचारलं.

“नको तुमचा चहा.” ती निघून गेली.

बाई वर आल्या, खुर्चीत बसल्या. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी मला तोडलं. “बरोबर बोलली ती. ‘बाहेर पडा’ एवढंच सांगितलं आपण. पुढचं वाक्यच नव्हतं आपल्याकडे. त्या देसायात नि माझ्यात फरक काय तो? मी जरा मोठ्यानं ओरडते.”

त्यानंतर मी दुसरीकडे नोकरीला लागले. बाईंना फोन करायचं राहून गेलं. बऱ्याच महिन्यांनी आईच्या कामासाठी एका सरकारी कचेरीत गेले होते. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये बाकांवर, जमिनीवर, बायकाच बायका. टेकडीवरचे चेहरे ओळखू आले. खोल्यांसाठी त्या अजून खेटे घालत होत्या. बाकाच्या टोकाला परबबाई बसल्या होत्या. वाळल्या होत्या बऱ्याच. साडीला इस्त्री नव्हती. शेजारी गुलशन, तिच्या मांडीवर उघडा डबा, आणि दोघी त्यातलं खात होत्या.

शिपाई येऊन ओरडला, “फक्त बाधितांनी थांबायचं! बाकीच्यांनी खाली जा! आजी, तुमचं घर कुठलं? तुम्ही बाधित आहात का?”

बाई काही बोलायच्या आत गुलशन म्हणाली, “हमारे साथ हैं.” आणि डबा बाईंकडे सरकवला.

शिपाई कुरकुरत गेला. मग दार उघडून एक कारकून बाहेर आला आणि मान खाली घालून, पुटपुटल्यासारखी नावं वाचायला लागला. मागच्या बायका उठून पुढे रेटू लागल्या, एकमेकींना विचारू लागल्या, कोणाचं नाव, काय म्हणाला. कारकून थांबला नाही.

बाई बाकाच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. सगळा पॅसेज एकदम शांत झाला.

“मोठ्यानं वाच,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून.”